उचल घेण्याआधी विचारायचे प्रश्न : जहाजतोडणीच्या कामाला निघालेल्या भावासाठी

वाचकाचे पत्र

माझा धाकटा भाऊ 24 वर्षांचा आहे. तो अक्कलकोट रोड एमआयडीसीमधल्या एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये गॅस कटिंगचे काम करतो. आमच्या पेठेतला एक मुकादम त्याला गुजरातमध्ये अलंगला जहाजे तोडण्याच्या कामावर नेणार आहे. पगार इथल्यापेक्षा बराच जास्त मिळेल असे तो सांगतो आणि निघताना 40 हजार रुपये उचल द्यायलाही तयार आहे. भाऊ म्हणतो, कटिंग तर मी रोजच करतो, तिथे वेगळे काय असणार? मला मात्र भीती वाटते, कारण माझ्या थोरल्या दिरांनी मुंबईत दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात बरीच वर्षे हेच काम केले आणि आता त्यांना जिना चढतानाही धाप लागते. टीबीच्या गोळ्यांचा कोर्स दोनदा पूर्ण झाला, तरी कोरडा खोकला जात नाही. मी घरी विड्या वळते. घराला पैशाची गरज आहे, म्हणून भावाला सरळ नाही म्हणता येत नाही. त्याला जाऊ द्यावे का? दिरांसाठी आता काही करता येईल का?

एक भगिनी, सोलापूर

उत्तर

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आपल्या भावाच्या हातात कला आहे, वय आहे, आणि घराची गरज मला कळते. म्हणून त्याने जाऊच नये असे मी म्हणणार नाही. मात्र त्याने उचल घेऊन जाऊ नये, आणि कोणत्या प्लॉटवर (म्हणजे किनाऱ्यावरच्या जहाज तोडण्याच्या जागेवर), कोणत्या मालकाकडे, कोणत्या कामासाठी जातो आहोत हे लेखी हातात आल्याशिवाय सोलापूर सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उचलीवर मी एवढा भर का देतो, हे समजण्यासाठी त्या कामातले धोके नेमके कुठे असतात ते आधी पाहावे लागेल.

“कटिंग तर मी रोजच करतो” हे आपल्या भावाचे वाक्य मला सर्वांत जास्त काळजीचे वाटते. वर्कशॉपमध्ये तो बहुतेक वेळा नवा किंवा साफ केलेला पत्रा उघड्यावर कापतो आणि पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते त्याला दिसते. अलंगला खंभातच्या आखातातली भरती-ओहोटी सुमारे 10 मीटरची असते. मोठ्या भरतीच्या वेळी जहाज सरळ किनाऱ्यावर चढवतात आणि मग त्याचे तुकडे करतात. 1983 पासून तिथे हे काम चालू आहे. तोडायला येणारे जहाज साधारण 25-30 वर्षे वापरलेले असते. त्याच्या पत्र्यावर रंगाचे थरावर थर असतात, पत्र्यामागे तेलाचा गाळ असतो, पाइपांवर आणि बॉयलरवर जुने उष्णतारोधक आवरण असते, आणि तळाशी कित्येक महिने न उघडलेल्या बंद टाक्या असतात. कापायची गॅसची टॉर्च तीच असली, तरी ती ज्याला लावायची ती वस्तू पूर्ण वेगळी असते. म्हणून चांगला कटर असणे आणि जहाजावर सुरक्षित काम करता येणे या दोन गोष्टी एक नाहीत, हे त्याला आधी पटले पाहिजे.

सर्वांत आधी बंद टाक्यांविषयी लिहितो, कारण तिथे माणूस काही मिनिटांत जातो. आपल्या भागातल्या जुन्या माणसांना धान्य साठवायची जमिनीखालची पेवे आठवत असतील. बरेच दिवस बंद असलेले पेव उघडले, की कोणी लगेच आत उतरत नसे, कारण आतली हवा माणसाला जगवणारी नसते हे सगळ्यांना ठाऊक होते. जहाजाच्या टाकीचेही तसेच आहे. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन शोषून घेते, त्यामुळे नुसती रिकामी, कोरडी आणि वरून स्वच्छ दिसणारी टाकीसुद्धा जीवघेणी ठरते. साध्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो; तो 19.5 टक्क्यांच्या खाली असेल, तर आत उतरायचे नाही असा नियम आहे. ही कमतरता नाकाला किंवा डोळ्यांना कळत नाही, ती फक्त मोजमापाच्या यंत्रावर कळते. सांडपाण्याच्या आणि गाळाच्या टाक्यांमध्ये हायड्रोजन सल्फाइड वायू साठतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारली जाते आणि धोका टळला असे वाटू लागते. पेवात जुने लोक कंदील सोडून पाहत. जहाजावर तो उपाय चुकूनही करायचा नाही, कारण तिथे ज्योत नेली तर स्फोट होऊ शकतो. एखादा सोबती आत कोसळला तर त्याला वाचवायला तसेच धावत खाली उतरू नये, हेही भावाला बजावून सांगावे. एकामागून एक आत गेलेले सोबती असेच दगावतात. आधी वरून मदत बोलवायची, आणि श्वासाचे स्वतंत्र उपकरण लावलेल्या माणसानेच आत जायचे.

स्फोटाचा धोकाही याच टाक्यांमध्ये असतो. तेलवाहू जहाजाची टाकी रिकामी केली तरी पत्र्याला चिकटलेला गाळ तिथेच राहतो आणि टॉर्चच्या उष्णतेने त्यातून पेट घेणारी वाफ निघते. 1 नोव्हेंबर 2016 रोजी पाकिस्तानातील गडानी येथे अशाच एका तेलवाहू जहाजावर स्फोट होऊन आग लागली आणि किमान 26 कामगार मृत्युमुखी पडले. अलंगमध्येही जून 2014 मध्ये एका जहाजावर कटिंग चालू असताना वायूचा स्फोट झाला आणि 5 कामगारांचे प्राण गेले. म्हणून कोणत्याही भागात टॉर्च पेटवण्याआधी सक्षम व्यक्तीने वायू मोजून “इथे आगीचे काम करता येईल” असे लेखी प्रमाणपत्र द्यावे लागते. आत माणूस उतरवण्याचे प्रमाणपत्र वेगळे असते. ते मिळाले म्हणजे कटिंगलाही परवानगी मिळाली, असा अर्थ होत नाही. शिवाय सकाळी मोजलेला वायू दुपारी तेवढाच असेल असे नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर, दुसऱ्या दिवशी किंवा शेजारच्या टाकीचे झाकण उघडल्यावर पुन्हा मोजणी व्हायला हवी, आणि ती मागण्याचा कामगाराला अधिकार आहे.

इथे एका वाईट सवयीचा उल्लेख केला पाहिजे, कारण ती वर्कशॉपमधूनच लागते. आत गुदमरल्यासारखे झाले की काही कटर ऑक्सिजनच्या नळीची चावी थोडी उघडून “हवा मोकळी” करतात. हवेतला ऑक्सिजन वाढला की कपडे, केस, तेलकट हातमोजे एका ठिणगीने भडकतात आणि ती आग विझवायला वेळही मिळत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून गळलेला गॅस टाकीच्या तळाशी साठून राहतो. जेवायला जाताना नळ्या आणि टॉर्च टाकीतून बाहेर काढून ठेवण्याची शिस्त त्यासाठीच आहे. ज्वाला उलटी नळीत शिरू नये म्हणून लावायचा फ्लॅशबॅक अरेस्टर दोन्ही नळ्यांना आहे की नाही, हे भावाने पहिल्याच दिवशी स्वतः पाहावे.

दुसरा धोका रंगाचा आहे, आणि तो हळूहळू येत असल्यामुळे लोक त्याची पर्वा करत नाहीत. जुन्या जहाजांच्या रंगात शिसे आणि क्रोमियमची संयुगे असतात. टॉर्च लागली की शिशाचा अतिसूक्ष्म धूर होतो आणि तो फुप्फुसांतून थेट रक्तात जातो. पोटात मुरडा, बद्धकोष्ठता, डोकेदुखी, चिडचिड, थकवा, रक्त कमी होणे, मनगटात जोर न राहणे, रक्तदाब वाढणे ही त्याची लक्षणे आहेत. ती इतकी रोजची वाटतात, की कामगार त्यांचा दोष खाणावळीच्या जेवणाला देतो. तोंडाला ओला रुमाल बांधल्याने हा धूर अडत नाही. त्यासाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा, धुराच्या कणांसाठी बनवलेला फिल्टर असलेला मास्क लागतो आणि त्याचे फिल्टर वेळेवर बदलावे लागतात. त्याहून चांगला उपाय म्हणजे जिथे कापायचे त्या रेषेच्या दोन्ही बाजूंचा सुमारे 4 इंच पट्टा आधी रंग काढून मोकळा करणे. याला वेळ लागतो, आणि ठेका टनावर असेल तर हाच वेळ कापला जातो. म्हणून भावाची मजुरी रोजावर आहे की टनावर, हे मुकादमाला जरूर विचारावे.

जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा कापल्यावर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. लोक त्याला मलेरिया समजतात. हा ताप बहुधा आपोआप जातो. मात्र कॅडमियम या विषारी धातूच्या धुराची सुरुवातही अगदी अशीच असते आणि त्यात पुढे फुप्फुसांत पाणी भरून माणूस दगावू शकतो. कटिंगनंतर ताप येऊन धाप वाढत असेल, तर खोलीवर झोपून न राहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे आणि आपण काय कापत होतो ते डॉक्टरांना सांगावे. धुळीवर उतारा म्हणून गूळ खाण्याची पद्धत सोलापूरच्या गिरण्यांच्या काळापासून आपल्याकडे आहे. गुळाने घसा मोकळा वाटतो, पण फुप्फुसात गेलेली धूळ किंवा शिसे त्याने बाहेर पडत नाही. कामावरून सुटल्यावर हातपाय आणि चेहरा साबणाने धुऊन मगच जेवणे, विडी किंवा तंबाखूला धुतलेल्या हातानेच स्पर्श करणे, कामाचे कपडे वेगळे ठेवणे आणि सुट्टीला घरी येताना ते न आणणे, या गोष्टींचा उपयोग मात्र खात्रीने होतो. घरात लहान मुले असतील तर कपड्यांची काळजी दुप्पट घ्यावी, कारण शिशाचा परिणाम मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होतो.

उंचीवरून पडणे आणि वरून कापलेला भाग अंगावर येणे हेही या कामातले मोठे धोके आहेत, पण ते डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांच्यावर थोडक्यात लिहितो. सेफ्टी बेल्ट नुसता कमरेला असून भागत नाही, तो कशाला अडकवला आहे हे महत्त्वाचे असते. जो भाग कापायचा त्यालाच दोर बांधून काम करणारे कटर त्या भागाबरोबर खाली जातात. मोठा ब्लॉक खाली सोडताना त्या खालून कोणी ये-जा करणार नाही याची जबाबदारी कोणावर आहे, हे काम सुरू होण्याआधी ठरलेले असावे.

आता अ‍ॅस्बेस्टॉसकडे येतो, कारण आपल्या भावाचा आणि दिरांचा प्रश्न इथे जोडला जातो. जहाजाची इंजिनरूम, बॉयलर, वाफेचे पाइप, गॅस्केट आणि खोल्यांच्या भिंतींचे पॅनल यांत हा तंतुमय खनिज पदार्थ भरपूर वापरला जात असे. नव्या जहाजांवर त्याचा वापर आंतरराष्ट्रीय नियमांनी 2002 पासून बहुतांशी आणि 2011 पासून पूर्णपणे बंद झाला. म्हणजे आज तोडायला येणारी बरीच जहाजे त्याआधीच्या काळातली आहेत. आवरण कोरडेच ओरबाडले की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात रुतून बसतात. त्यांच्यामुळे फुप्फुसे घट्ट होत जाणारा अ‍ॅस्बेस्टॉसिस हा आजार, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होऊ शकतो. हे आजार बहुधा 20 ते 40 वर्षांनी दिसतात. 24 वर्षांच्या मुलाला आज काहीच जाणवणार नाही, हीच त्यातली अडचण आहे. हे आवरण काढण्याचे काम प्रशिक्षित लोकांनी, ते ओले करून, तो भाग बंदिस्त करून आणि खास मास्क लावून करायचे असते. “आज कटिंग नाही, पाइप सोलून काढ” असे कोणी सांगितले, तर भावाने त्या कामाला नकार द्यावा. आणखी एक गोष्ट आपुलकीने सांगतो, आणि ती सांगताना आपल्या घराची चूल विडीवर चालते याची मला जाणीव आहे: अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीत काम करणारा माणूस विडी ओढत असेल, तर कर्करोगाचा धोका नुसत्या धुळीच्या मानाने कित्येक पटींनी वाढतो. भाऊ ओढत असेल, तर त्याने जाण्याआधीच सोडावी.

ताई, वर मी ठिकठिकाणी “मोजणी मागावी”, “नकार द्यावा” असे लिहिले आहे. उचलीचा संबंध इथेच येतो. आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीची उचल घरोघरी ठाऊक आहे. ती फिटेपर्यंत माणसाचे पाय बांधलेले असतात. ज्याच्या डोक्यावर मुकादमाचे 40 हजार आहेत, तो मुलगा “वायू मोजल्याशिवाय मी टाकीत उतरणार नाही” हे वाक्य तोंडातून काढू शकत नाही, आणि जहाजतोडणीत जीव वाचवणारे वाक्य बहुतेक वेळा तेच असते. घराला पैसा तातडीने हवा असेल, तर आपल्या महिला बचत गटाकडून किंवा पतपेढीकडून लहान कर्ज घ्यावे. त्याचे व्याज सोसेल.

कायद्याने भावाच्या बाजूने बरेच काही ठेवले आहे, पण ते कागद हातात असेल तरच उपयोगी पडते. जहाजे तोडण्यासाठी आपल्या देशात 2019 चा स्वतंत्र कायदा आहे आणि याच विषयावरचा हाँगकाँग करार 26 जून 2025 पासून लागू झाला आहे. त्यांनुसार प्लॉटला अधिकृत मान्यता असावी लागते, प्रत्येक जहाजावरच्या घातक पदार्थांची यादी आणि ते तोडण्याचा आराखडा आधी तयार असावा लागतो, आणि कायम असो वा तात्पुरता, प्रत्येक कामगाराचा विमा मालकाने उतरवायचा असतो. गुजरात मेरिटाइम बोर्डाची सुरक्षा प्रशिक्षण संस्था अलंगलाच आहे. तिथले प्रशिक्षण पूर्ण झाल्याशिवाय भावाने जहाजावर पाऊल ठेवू नये. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनुसार कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. तेव्हा मुकादमाला घरी चहाला बोलवा आणि शांतपणे विचारा: प्लॉट क्रमांक कोणता, मालकाचे नाव काय, नियुक्तिपत्र कधी मिळेल, प्रशिक्षण कधी होईल, मास्क आणि फिल्टर कोण देणार, मजुरी बँकेत जमा होणार का, अपघात झाला तर कोणाला फोन करायचा. चांगल्या प्लॉटवर माणसे नेणारा मुकादम ही उत्तरे लगेच देईल. “तिथे गेल्यावर बघू” असे उत्तर आले, तर भावाला पाठवू नका. अशा वेळी त्याने इथल्या शासकीय आयटीआयमध्ये चौकशी करून वेल्डिंगचे प्रमाणपत्र मिळवणे अधिक फायद्याचे ठरेल.

तो गेलाच, तर एक वही घरी ठेवा. प्रत्येक जहाजाचे नाव, त्यावर रंगवलेला 7 आकडी आयएमओ क्रमांक (म्हणजे जहाजाचा ओळख क्रमांक), प्लॉट क्रमांक, कामाच्या तारखा, त्याने नेमके काय कापले आणि सोबत कोण होते, हे त्याने फोनवर सांगावे आणि आपण लिहून ठेवावे. प्लॉटचा मालक बदलतो, जहाज तर उरतच नाही, आणि आजार वीस वर्षांनी येतो. त्या वेळी दावा उभा राहील तो या वहीवर.

आपल्या दिरांकडे अशी वही नाही, तरीही त्यांच्यासाठी करण्यासारखे बरेच आहे. त्यांना छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, छातीविकार विभागात घेऊन जा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, की यांनी अनेक वर्षे जहाजे तोडली आहेत. हे सांगितले नाही, तर एक्स-रेवरच्या डागांचा अर्थ पुन्हा टीबी असाच लावला जाण्याची शक्यता आहे. दोन्ही कोर्सच्या वेळी थुंकीत जंतू सापडले होते की नुसत्या एक्स-रेवरून औषध सुरू केले होते, ते जुन्या कागदांवरून पाहा. थुंकीची नवी तपासणी, फुंकर मारून करायची फुप्फुसांची चाचणी आणि गरज वाटल्यास छातीचा सीटी स्कॅन, यांतून बरेच स्पष्ट होईल. टीबी पुन्हा निघाला तर त्याचा उपचार पूर्ण करायचाच आहे, कारण धुळीचा आजार आणि टीबी एकत्रही असू शकतात. निदान अ‍ॅस्बेस्टॉसिसचे झाले, तर गेलेले फुप्फुस परत येत नाही हे मी लपवणार नाही. पण विडी पूर्ण बंद करणे, छातीच्या संसर्गावर लगेच उपचार घेणे, डॉक्टर सांगतील त्या लसी घेणे आणि नियमित तपासणी ठेवणे, यांनी त्यांचे पुढचे दिवस बरेच सुसह्य होतील.

अ‍ॅस्बेस्टॉसिस हा नुकसानभरपाईस पात्र असा व्यावसायिक आजार आहे. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांची आरोग्यनोंद कामाच्या सुरुवातीपासून किमान 40 वर्षे किंवा काम सुटल्यावर 15 वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितले आहे. भरपाईच्या दाव्याला साधारण 2 वर्षांची मुदत असते. उशिराला योग्य कारण असेल तर तो माफ होऊ शकतो, पण निदानाचा कागद हातात पडल्यावर दिवस घालवू नका. हा दावा कामगार जिथे राहतो तिथेही करता येतो, म्हणजे त्यासाठी मुंबईला खेटे घालावे लागणार नाहीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळतो. दिरांकडे जुना गेटपास, मजुरीची चिठ्ठी, खोलीच्या भाड्याची पावती, बँकेचे किंवा मनीऑर्डरचे कागद, दारूखान्यात काढलेला एखादा फोटो, यांतले जे असेल ते गोळा करा आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या दोन-तीन माणसांची नावे व पत्ते लिहून घ्या.

सिव्हिलला जाल त्या दिवशी भावालाही बरोबर न्या. निघण्यापूर्वी त्याचाही छातीचा एक्स-रे, फुप्फुसांची चाचणी, हिमोग्लोबिन, रक्तदाब, कानांची तपासणी आणि शक्य असल्यास रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी आणि तिची प्रत आपल्या कपाटात राहावी, म्हणजे पुढे काही झाले तर तो सोलापूरहून निरोगी गेला होता हे दाखवता येईल. आणि रांगेत थांबला असताना त्याने दिरांना विचारावे, की टाकीत उतरण्याआधी त्यांच्यासाठी कोणी कधी वायू मोजला होता का.